मेमरी वाढवली आणि संगणक कोसळू लागला!

संगणक मंदावला की मेमरी वाढवण्याचा सल्ला हमखास दिला जातो आणि बहुतेक वेळा तो योग्यही असतो. आठ जीबी रॅमच्या जोडीला आणखी आठ जीबीची पट्टी बसवायची, एवढेच काम. पण ती बसवल्यावर एक-दोन दिवसांत निराळेच प्रकार सुरू होतात. काम चालू असतानाच पडद्यावर विंडोजची त्रुटीसूचना झळकते आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. (वर्षानुवर्षे निळा असलेला हा पडदा विंडोज ११ मध्ये २०२५ पासून काळा झाला आहे.) कधी ब्राउझर अचानक बंद पडतो, तर कधी कालपर्यंत उघडणारी फाइल 'सदोष' असल्याचे सांगितले जाते. तंत्रज्ञ येतो, व्हायरसवर खापर फोडतो आणि 'फॉरमॅट मारून' निघून जातो. आठवड्याभरात पुन्हा तेच!

या प्रसंगी फॉरमॅट हा सर्वांत वाईट उपाय. विंडोज नव्याने बसवताना तिच्या हजारो फाइल्स मेमरीतूनच डिस्कवर जातात. मेमरीत दोष असेल, तर नवी विंडोजही जन्मतः अधू निघण्याची शक्यता असते.

मेमरीचे बिघड इतके लहरी का वाटतात, हे तिच्या रचनेतून कळते. रॅममध्ये प्रत्येक बिटसाठी एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. आठ जीबीच्या पट्टीत असे सुमारे ६,८७१ कोटी कपॅसिटर असतात. त्यांतील विद्युतभार सतत गळत असल्याने तो साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत नव्याने भरावा लागतो. यांतला एखादा कप्पा कच्चा असला, किंवा प्रोसेसर आणि पट्टी यांच्यातला संदेश क्षणभर चुकीचा वाचला गेला, की शून्याच्या जागी एक येतो. त्याचा परिणाम त्या क्षणी तिथे काय ठेवले होते यावर ठरतो. तिथे ड्रायव्हरचा भाग असेल तर विंडोज कोसळते, ब्राउझरचा असेल तर ब्राउझर. जमाखर्चाच्या फाइलमधला एखादा आकडा असेल, तर काहीच कोसळत नाही. चुकलेला आकडा निमूटपणे डिस्कवर जाऊन बसतो. खरा धोका या तिसऱ्या शक्यतेत आहे. कोसळणारा संगणक निदान ओरडून तरी सांगतो.

अशा चुका दुर्मीळ असाव्यात, असे वाटते. गूगलच्या सर्व्हरमधील मेमरीचा सुमारे अडीच वर्षे अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत मेमरीची किमान एक चूक नोंदली गेली होती. पट्ट्यांच्या हिशेबाने हे प्रमाण आठ टक्क्यांहून अधिक होते. त्या सर्व्हरमध्ये चूक ओळखून सुधारणारी, 'ईसीसी' नावाची सोय होती. घरच्या किंवा छोट्या कार्यालयातील संगणकात ती सहसा नसते. डीडीआर५ पट्ट्यांच्या चिपमध्ये अशी थोडी सुधारणा अंतर्भूत आहे. पण ती चिपच्या आतल्या चुकांपुरती. चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिच्या कक्षेत येत नाही.

म्हणून मेमरी वाढवल्यानंतर संगणक कोसळू लागला, तर पहिले काम एकच. महत्त्वाच्या फाइल्स त्यावर साठवणे थांबवावे आणि नवी पट्टी काढून ठेवावी. त्या अवस्थेत बॅकअपही घेऊ नये. जुन्या चांगल्या प्रतीवर नवी बिघडलेली प्रत चढण्याचा संभव असतो. डिस्क दुरुस्त करणारी चेकडिस्कची आज्ञाही तूर्त टाळावी. पट्टी काढण्यापूर्वी संगणक बंद करून प्लग काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेला विद्युतभार घालवावा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घालावा.

जुन्या पट्टीवर संगणक दोन-तीन दिवस सुरळीत चालला, तर संशय नव्या पट्टीवर किंवा दोघींच्या जोडीवर येतो. तरीही कोसळत राहिला, तर जुनी पट्टी हलून सैल झाली असेल, एखादी केबल निसटली असेल किंवा दोष मेमरीत नसून एसएमपीएस, डिस्क वा ड्रायव्हरमध्ये असेल.

प्रत्यक्षात अनेकदा पट्टी सदोष नसतेच. ती नीट बसलेली नसते. दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन खटका पडल्याचा आवाज येईपर्यंत ती बसवावी लागते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत जुन्या पट्टीचे संपर्कबिंदू मळतात. ते खोडरबराने घासण्याची आपल्याकडची युक्ती कामी येते. मात्र हलक्या हाताने, आणि रबराचा चुरा पूर्ण झटकून. मदरबोर्डवर चार खाचा असतील, तर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. बोर्डाच्या पुस्तिकेत ते दिलेले असते, पण ती पुस्तिका खोक्याबरोबर केव्हाच रद्दीत गेलेली असते.

दुसरे मोठे कारण वेगाचे. पट्टीच्या वेष्टनावर ३६०० असे ठळक छापलेले असते. डीडीआर४ मेमरीचे प्रमाणित वेग मात्र ३२०० पर्यंतच आहेत. त्यापुढचा वेग एक्सएमपी नावाच्या सेटिंगमधून, अनेकदा व्होल्टेज १.२ वरून १.३५ पर्यंत वाढवून मिळवला जातो. हे एक प्रकारे यंत्राला ताणणेच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किंवा वेगवेगळ्या काळात घेतलेल्या दोन पट्ट्यांना हा ताण एकत्र सोसेलच असे नाही. डीडीआर५ मध्ये ही अडचण अधिक जाणवते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसर दोन पट्ट्यांना ५२०० चा वेग देतात. चार बसवल्या, तर अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. सोळाचे बत्तीस जीबी करताना जुन्या दोन ठेवून नव्या दोन घालणाऱ्यांना हे ठाऊक नसते. म्हणून बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, किंवा एएमडीच्या यंत्रावर एक्स्पो, बंद करून पाहावे. वेग थोडा घटेल. रोजच्या कामात तो फरक क्वचितच जाणवतो.

डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा संगणक सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. प्रोसेसर तेव्हा नव्या मेमरीशी जुळवून घेत असतो. यंत्र बंद पडले असे समजून वीज तोडू नये.

एवढ्याने भागले नाही, तर चाचणी घ्यावी. विंडोजमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' ही सोय आहेच. पण प्राथमिक चाळणी एवढेच तिचे मोल. पेनड्राइव्हवरून चालणारे मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लस अधिक कसून तपासते आणि दोन्ही विनामूल्य मिळतात. एका वेळी एकच पट्टी, त्याच एका खाचेत ठेवून, रात्रभर तपासावी. येथे उत्तीर्ण होण्यासाठी शंभर टक्केच गुण लागतात. एक चूक दिसली तरी पट्टी नापास. चांगली ठरलेली पट्टी दुसऱ्या खाचेत नापास होत असेल, तर दोष खाचेचा किंवा बोर्डाचा. दोन्ही पट्ट्या एकेकट्या उत्तीर्ण आणि एकत्र नापास, तर भांडण दोघींच्या जोडीचे! मग वेग एक पायरी खाली आणणे किंवा एकाच खोक्यातील जुळलेली जोडी घेणे, हे दोनच मार्ग उरतात. बायोस अद्ययावत केल्यानेही कधी कधी जोडी जुळते. पण ते काम फक्त जुन्या, भरवशाच्या पट्टीवर करावे. ते चालू असताना संगणक कोसळला, तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

मेमरी निर्दोष ठरल्यानंतर विंडोजच्या सिस्टिम फाइल चेकरने तिच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करता येतात. स्वतःच्या फाइल्सना ही सोय नाही. पट्टी बसवल्यापासून ती काढेपर्यंतच्या दिवसांत ज्या फाइल्स बदलल्या, त्या जुन्या बॅकअपशी किंवा कागदावरील नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात. हिशेबाच्या फाइल्स तर अवश्य.

पट्टी परत करायला जाताना चाचणीच्या पडद्याचे छायाचित्र आणि बिल जवळ ठेवावे. दुकानदार ती आपल्या यंत्रात दोन मिनिटे लावतो, 'चालतेय की' म्हणतो, आणि रात्रभराच्या चाचणीत तिसऱ्या तासाला दिसलेली चूक त्या दोन मिनिटांत दिसत नाही. पट्टी जोडीच्या खोक्यातली असेल, तर दोन्ही परत कराव्यात. एकच बदलून घेतली, तर जोडी पुन्हा बेजोड होण्याची शक्यता राहते.