जुन्या फटफटीची ठिणगी

सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यात वसलेल्या हिवरखेडावरून अकोट-खांडवा मीटरगेज लोहमार्ग जात असे. परंतु शेतातून बाजारापर्यंत आणि गावातून तहसील कचेरीपर्यंत, गाडीच्या वेळेची तमा न बाळगता माणसे पोहोचविण्याचे काम वऱ्हाडच्या अशा गावांत दीर्घकाळ ज्या यंत्राने केले, ते म्हणजे फटफटी. मद्रासेत १९५५ साली सुरू झालेली बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून बाहेर पडू लागलेली जावा व पुढे तिचीच येझदी, आणि पोलंडच्या एका यंत्राच्या धर्तीवर एस्कॉर्ट्सने बांधलेली राजदूत, ही त्या काळची प्रतिष्ठित नावे.

अशा गाड्यांचा जीर्णोद्धार करणारे रंग, क्रोमचा मुलामा आणि टाकीवरील अक्षरे यांत जीव ओततात, आणि कॉइलपासून प्लगपर्यंत जाणारी वीतभर वायर मात्र ‘मूळची आहे’ म्हणून तशीच राहू देतात. ही मला यंत्राची हेळसांड वाटते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आली, तीतही भरीव फेरफार नसण्याची अट चेसिस, बॉडी आणि इंजिन यांच्याविषयी आहे. झिजणाऱ्या वस्तूंचा पालट हा फेरफार नव्हे.

१९०२ साली बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला, त्या परंपरेतच ही यंत्रे मोडतात. जावाच्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या कॉइलमध्ये पॉइंट उघडताच चुंबकक्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. राजदूतमध्ये हेच कार्य बॅटरीविना, फिरणाऱ्या मॅग्नेटच्या बळावर होते. हा दाब सर्वांत सुलभ मार्ग शोधतो. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, त्या उन्हाने आणि सिलिंडरच्या आचेने वायरीवरील रबर कडक होऊन त्याला सूक्ष्म भेगा पडतात. मग आषाढातील दमट हवेत काळ्या मातीची चिकट धूळ त्या भेगांवर बसली, की करंट प्लगऐवजी इंजिनाच्या अंगावर उतरतो, आणि उन्हाळ्यात निमूट चालणारी गाडी पावसाळ्यात मिस मारू लागते. याची खातरजमा करण्यास उपकरण लागत नाही: काळोखात इंजिन चालू करावे, सदोष वायरीभोवती निळसर प्रकाश खेळताना दिसतो.

नवी वायर घेताना मात्र विवेक हवा. आधुनिक मोटारींसाठी मिळणाऱ्या, कार्बनचा गाभा असलेल्या वायरी येथे निरुपयोगी; कारण प्लगवर बसणाऱ्या जुन्या कॅपमधील स्क्रू तांब्याच्या तारांत रुतूनच संपर्क साधतो आणि कार्बनच्या गाभ्यात त्याला पकड मिळत नाही. म्हणून सात मिलिमीटर जाडीची, तांब्याच्या गाभ्याची वायरच घ्यावी. जुनी ठेवायचीच असेल, तर टोकाची तार हिरवी पडली आहे का ते पाहून तेवढा भाग कापून टाकावा. कॅपमध्ये साधारण पाच हजार ओहमचा रोध असला तर रेडिओची खरखर आवरते. परंतु त्यात पुन्हा रोधक प्लगची भर घातल्यास, किक मारताना आधीच दुर्बळ असलेली ठिणगी अधिकच मंदावते.

जावा व राजदूत या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्या असल्याने त्यांचा प्लग लवकर काजळतो. चॉकलेटी रंग निरोगी. ओलसर काळा रंग ऑइलचे आधिक्य सांगतो, पांढरट रंग अतिउष्णतेचा इशारा देतो, आणि त्या वेळी प्लग बदलण्यापूर्वी मिश्रण व टायमिंग तपासावे. नवा प्लग प्रथम हातानेच आटे धरेपर्यंत फिरवावा, वॉशर टेकल्यावर पान्याने सुमारे अर्धा फेरा द्यावा आणि थांबावे. ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे एकदा गेले, की पुढचे काम लेथवाल्याकडे जाते.