पंधरा थाउचं पान

‘गाडीचा मेकॅनिक तयार कसा होतो ते बघून या,’ असं संपादकांनी सांगितलं. काचेच्या भिंती, लिफ्टवर चढवलेल्या गाड्या, टॅब्लेट हातात घेतलेली मुलं असं काहीतरी त्यांच्या डोळ्यांसमोर असावं. मी गेलो एका जिल्ह्याच्या गावातल्या शासकीय आयटीआयमध्ये. माझी गाडी ज्यांच्याकडे जाते ते मिस्त्री तिथे शिकले आहेत, आणि त्यांचं निदान चुकलेलं मी अजून पाहिलेलं नाही. एवढंच कारण.

पत्र्याची उंच शेड. एका भिंतीला पांढऱ्या अँबॅसडरचं बॉनेट टेकवून ठेवलेलं. कुठल्याशा साहेबांची ही गाडी निर्लेखित झाल्यावर संस्थेला मिळाली. तिचं इंजिन मधोमध लोखंडी घोडीवर बसवलंय आणि त्याभोवती निळ्या कपड्यांतली मुलं कोंडाळं करून उभी आहेत. अँबॅसडर रस्त्यावर आली 1957 मध्ये आणि कारखान्यातून निघायची थांबली 2014 मध्ये. समोरच्या मुलांतल्या बहुतेकांनी ती चालताना पाहिलेलीही नसणार. मला हसू आलं. तासाभरात ते मावळलं.

संस्थेचा इतिहास प्राचार्यांनी चहा येईपर्यंत सांगून संपवला. 1950 मध्ये केंद्र सरकारने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आणली, 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा झाला. आधी संस्थेत शिकायचं आणि मग कारखान्यात किंवा आगारात उमेदवारी करायची, अशी ही दोन पायांची रचना. ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा ट्रेड दोन वर्षांचा. दहावी पास लागते, तुकडीत चोवीस जण. सगळे त्याला एमएमव्ही म्हणतात.

गाडीला हात लावायला मिळेल म्हणून आलेल्या मुलाच्या हाती पहिले काही आठवडे कानस येते. लोखंडाचा तुकडा शेगड्यात धरायचा आणि घासायचा. गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. पहिल्याच महिन्यात काही मुलं पळतात. शिल्पनिदेशक, म्हणजे मुलांचे ‘सर’, त्यांना अडवत नाहीत. ‘कानस धरता येत नाही त्याला पाना द्यायचा नाही. नटाचे आटे घालवतो, आणि बिल गाडीवाल्याच्या माथी,’ ते म्हणाले.

या सरांपाशी मी तीन दिवस काढले. लेखासाठी एक दिवस पुरला असता.

त्या अँबॅसडरच्या इंजिनावर त्यांचा एक धडा असतो, टॅपेट सेटिंगचा. गाडीत रस नसलेल्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन झडपा, एक हवा-पेट्रोल आत घेणारी आणि एक धूर बाहेर सोडणारी, एकूण आठ. झडपेला दाबून उघडणारा रॉकर आणि झडपेची दांडी यांच्यात बारीक फट ठेवावी लागते, कारण तापलं की लोखंड वाढतं. या इंजिनाला ही फट पंधरा थाउ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, मिलिमीटरमध्ये 0.38. ती मोजायला फिलर गेज असतो. पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा तो जुडगा पंख्यासारखा उघडतो आणि त्यातल्या पट्टीला सगळे ‘पान’ म्हणतात.

फट मोजायची तर ती झडप पूर्ण मिटलेली हवी. ती केव्हा मिटते? सर फळ्यावर फक्त ‘9’ लिहितात. मुलगा हँडल मारून इंजिन हळूहळू फिरवतो. आठवी झडप पूर्ण दबली की पहिली सेट करायची. सातवी दबली की दुसरी, सहावी दबली की तिसरी. बेरीज कायम नऊ. यात जादू नाही. सिलिंडर पेटण्याचा क्रम 1-3-4-2, त्यामुळे पहिला आणि चौथा सिलिंडर एकमेकांपासून बरोबर एका फेऱ्याच्या अंतरावर चालतात. दुसरा आणि तिसराही तसेच. त्यात झडपांची मांडणी आरशातल्यासारखी, डावीकडून मोजा की उजवीकडून, तीच. एकीकडची झडप पुरती उघडी असते तेव्हा तिची जोडीदारीण निवांत मिटलेली असते.

‘मारुती 800 ला लावून बघ हा हिशोब,’ असं सांगून सर मुलांना तोंडघशी पाडतात. तिथे तीनच सिलिंडर, झडपा सहा, जोड्या जुळतच नाहीत. ‘पाढा पाठ केलास, इंजिन नाही बघितलंस,’ म्हणतात आणि पुन्हा हँडल मारायला लावतात.

हिशोब एका दुपारी येतो. हात यायला वेळ लागतो. रॉकरवर एक स्क्रू आणि त्याला जागेवर धरणारा नट असतो. नट ढिला करा, पान घाला, स्क्रू फिरवून फट जुळवा, नट आवळा. सोपं वाटतं. पण आवळताना नट स्क्रूला किंचित आपल्याबरोबर ओढून नेतो आणि मघाशी जुळलेली फट बिघडते. म्हणून पेचकसाने स्क्रू दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने पाना फिरवायचा. मी चार वेळा केलं, चारही वेळा चुकलं. सर पान ओढून बघत होते. पान सुटं निघालं तर नापास, अडकलं तरी नापास. ‘साहेब, नव्या वहीतलं पान उलटताना बोटाला जे लागतं ना, तेवढा ओढा हवा,’ ते म्हणाले. माझ्या शेजारच्या मुलाने आठही झडपा जुळवल्या. वडिलांची शेती, डोंगरापलीकडचं गाव, रोज पहाटेची एसटी. त्याच्या बोटांकडे मी बराच वेळ बघत राहिलो.

फट जास्त राहिली तर इंजिन टकटक वाजतं, गिऱ्हाईक तक्रार करतं, कुणीतरी दुरुस्त करतं. कमी राहिली तर इंजिन गोड चालतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं. पण धुराची झडप तापल्यावर नीट मिटत नाही. आपली बहुतेक उष्णता ती बैठकीला टेकल्यावरच सोडते. टेकलीच नाही तर कडेने जळत जाते. काही महिन्यांनी हेड उतरवावं लागतं. ‘वाजतंय ते टॅपेट मला चालतं. गप्प बसलेल्याची भीती वाटते,’ सर म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी माझ्याच हातातला पाना काढून घेतला.

तिसऱ्या दिवशी संस्थेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेला एक मुलगा सरांना भेटायला आला. एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याची वर्षभराची उमेदवारी चालू होती. मला वाटलं, आता शिक्षणाचा दुसरा पाय बघायला मिळणार. त्याने हिशोब सांगितला : पहिले चार महिने गाड्या धुतल्या, पुढचे तीन ऑईल आणि फिल्टर बदलले. स्वतःच्या हाताने इंजिन उघडायला अजून मिळालं नव्हतं.

कायदा चांगला आहे, असं कागद वाचून मला वाटलं होतं. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायलाच हवेत. 2019 च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान 7000 रुपये विद्यावेतन ठरवलं, आणि 2016 च्या प्रोत्साहन योजनेत त्यातला 25 टक्के, जास्तीत जास्त 1500 रुपयांचा भार केंद्र सरकार उचलतं. पण हाच कायदा म्हणतो की शिकाऊ हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. म्हणजे कामगाराचे बहुतेक कायदे त्याला लागू नाहीत. आणि तो धुलाईच्या नळीखाली उभा राहिला की प्रशिक्षणार्थीही उरत नाही. मग तो कोण, हे मला कुणी सांगितलं नाही. 7000 तून खोलीभाडं आणि डबा वजा केल्यावर त्या मुलाकडे काय उरतं, ते विचारायचं मी टाळलं.

शिवाय तुमची-माझी गाडी जिथे दुरुस्त होते ती नाक्यावरची गॅरेजं या कायद्याला दिसतच नाहीत. चारपेक्षा कमी माणसं असतील तर त्यांना स्वेच्छेनेही यात येता येत नाही. तिथे उस्ताद असतो आणि ‘बारक्या’ असतो. बारक्या चहा आणतो, चिंधी देतो, चौदा-पंधराचा पाना मागितला की बारा-तेराचा आणल्याबद्दल टपली खातो आणि पाच वर्षांत इंजिन बांधायला शिकतो. हात उत्तम, कागद शून्य. चौदाच्या आतला बारक्या ठेवणं गुन्हा आहे, आणि तो गुन्हाच राहायला हवा. पण उस्तादाच्या हाताखालच्या अठरा वर्षांच्या मुलाला शिकाऊ म्हणून नोंदवण्याची सोय आपल्याकडे नसावी, हे मला पटत नाही.

आणि आता गाड्याच बदलल्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6. बहुतेक नव्या इंजिनांच्या टॅपेटला स्क्रूच नाही. कुठे तेलाच्या दाबाने फट आपोआप जुळते, कुठे मोजून चकत्या बसवाव्या लागतात. विजेच्या गाडीला झडप नाही, टॅपेट नाही. आहेत त्या नारिंगी वेष्टनातल्या तारा, ज्यांतल्या शेकडो व्होल्टना चुकून हात लागला तर दुसरा धडा नसतो. आयटीआयसाठी विद्युत वाहनांचा ट्रेडही आला आहे. संस्था सुधारण्यासाठी 2025 मध्ये केंद्राने 60,000 कोटींची योजना मंजूर केली. तो पैसा येईल, यंत्रंही येतील. ती शिकवणाऱ्याला आधी कुणी शिकवायचं?

मग अँबॅसडर भंगारात घालावी का? मी सरांना तसं विचारलंही. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या उमेदवाराला म्हणाले, ‘ती सीएनजीची सांग.’

सर्व्हिस सेंटरला एक जुनी सीएनजी गाडी आली, मिसिंग मारत. स्कॅनरने कोड दिला पी0301, म्हणजे पहिला सिलिंडर नीट पेटत नाही. प्लग बदलला, कॉइल बदलली, मग इंजेक्टर. कोड तोच. सीनियर वैतागले. मुलगा गाडी धुवायला आणलेली असताना सहज म्हणाला, ‘कॉम्प्रेशन बघायचं का?’ बघितलं. पहिल्या सिलिंडरला जवळजवळ नव्हतंच. सीएनजी कोरडा गॅस, त्याने झडपेची बैठक झिजते. झडप वर सरकते आणि फट आवाज न करता कमी होत जाते. हेड उतरवल्यावर धुराची झडप कडेला जळालेली निघाली. गाडी स्क्रूच्या टॅपेटवाली होती आणि ते वाजत नव्हतं.

‘मग तुला वर्कशॉपमध्ये घेतलं का?’ मी विचारलं.

‘नाही साहेब. पण आता टॅपेटची गाडी आली की हाक मारतात.’

सरांची जन्मतारीख 1 जून आहे. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांची असते. शाळेत घालताना गुरुजींनी लिहून टाकलेली. त्यामुळे येत्या 31 मे रोजी ते निवृत्त होतात. त्यांच्या जागेवर कोण येणार, हे मी प्राचार्यांना विचारलं. तासिका तत्त्वावर कुणीतरी मिळेल, असं ते म्हणाले. फिलर गेज सरांचा स्वतःचा आहे. तो कपाटात ठेवून जाणार आहेत.