शिंजिराला फांदी लागते

कोलकात्यात रवींद्र सरोवराच्या काठी किंवा एखाद्या जुन्या घराच्या गच्चीवर जास्वंद फुलली की एक चिमुकला चकचकीत पक्षी येतो, पंख फडफडवत क्षणभर फुलासमोर थांबतो आणि पाहणारा खुशाल सांगतो, ‘हमिंगबर्ड आला होता!’ पुण्या-नागपुरातही हेच ऐकू येते. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत राहतात, अलास्कापासून दक्षिणेला तिएरा देल फ्वेगोपर्यंत. कोलकात्यात दिसतो तो शिंजीर, बंगाल्यांचा मौटुसी. ओळखण्यात गफलत होणे साहजिक आहे, त्याबद्दल कुणाला हसायचे कारण नाही. खटकते ते त्यामागचे गृहीतक, की शिंजीर म्हणजे हमिंगबर्डची जरा कमअस्सल देशी आवृत्ती. वास्तविक फुलातला मध गाठायचा कसा, हे कोडे दोघांनी दोन तऱ्हांनी सोडवले आहे, आणि शिंजिराची तऱ्हा लक्षात घेतल्याशिवाय त्याला शहरात काय हवे असते ते कळत नाही.

हमिंगबर्डची सारी करामत खांद्यात आहे. तो पंख पुढे-मागे आडव्या आठाच्या आकड्यात फिरवतो, त्यामुळे पंख खाली येतानाच नव्हे तर वर जातानाही शरीराला उचल मिळते. लाल गळ्याचा उत्तर अमेरिकी हमिंगबर्ड सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारतो. या कसरतीला इंधन अफाट लागते, म्हणून थंड रात्री कित्येक हमिंगबर्ड शरीराचे तापमान उतरवून जवळपास निपचित होतात. शिंजिराने हा खर्चिक मार्ग धरलेला नाही. त्याची लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, पाय मजबूत. तो देठ पकडतो, मान वाकवतो, वेळ पडली तर उलटा लोंबतो आणि बाकदार चोच फुलात घालतो. फूल फारच लांबट नळीचे असले तर बुडाशीच भोक पाडून मध पळवतो. शिंजीरही हवेत तरंगतो की, असे कुणी म्हणेल. तरंगतो, पण थोडा वेळ, जवळ बसायला जागा नसली तर. त्याची रीत बसून पिण्याची आहे.

आता एवढे साम्य असताना नाते कसे नाही? चोच, जीभ, रंगांची झळाळी, सगळेच जुळते. पण ही सगळी मध पिण्याच्या कामाशी किंवा मादीला रिझवण्याशी बांधलेली अंगे आहेत, आणि सारखे काम करणाऱ्यांची अवजारे सारखी होतात. निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने १७६६ साली आणि पक्षीतज्ज्ञ लॅथमने १७९० साली आपल्या दोन परिचित शिंजिरांना नावे दिली तेव्हा दोघांनीही त्यांना झाडांच्या सालीवर चढणाऱ्या पक्ष्यांच्या प्रजातीत घातले, हमिंगबर्डच्या नव्हे. ती जागाही पुढे चुकीचीच ठरली, तो भाग वेगळा. शिंजीर चिमणी-बुलबुलांच्या मोठ्या गणातला, तर हमिंगबर्डचे जवळचे सोयरे म्हणजे पाकोळ्या. तेव्हा कोलकात्यात हमिंगबर्डचे नातलग पाहायचेच असतील तर फुलांकडे न बघता ताडाच्या शेंड्याकडे बघावे. तिथे झावळ्यांना घरटी चिकटवणारी काळपट ताड-पाकोळी दिवसभर हवेत किडे टिपत असते. एक आक्षेप मात्र वजनदार आहे. २००४ साली जीवाश्मतज्ज्ञ गेराल्ड मायर यांनी जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचे वर्णन केले, आणि ते हमिंगबर्डसारख्या पक्ष्यांचे निघाले. म्हणजे जुन्या जगातही ते कधीकाळी होते. तरी त्यातून शिंजीर त्यांचा वंशज ठरत नाही; शरीररचना आणि डीएनए दोन्ही त्याविरुद्ध आहेत.

आपल्याकडची फुले पाहिली की शिंजिराचे बसणे किती मुरलेले आहे ते दिसते. वसंतात शिमूल, म्हणजे आपली काटेसावर, पळस आणि पांगारा यांच्या निष्पर्ण फांद्यांवर पक्ष्यांना ऐसपैस बैठक मिळते. पळसावरच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात परागीभवनाचे श्रेय जांभळ्या शिंजिराला मिळाले, आणि त्याच्या जोडीला चक्क खारीला! आंब्यावरच्या बांडगुळाचे उदाहरण याहून नामी. त्याची पक्व कळी मिटलेलीच राहते. शिंजिराने चोचीने टोक दाबले की ती फटकन उघडते आणि पराग पक्ष्याच्या तोंडावर उडतात. आंब्याचा मालक बांडगुळाच्या नावाने बोटे मोडतो, ते त्याच्या जागी ठीक आहे. उलट बागांतली हॅमेलिया मूळची अमेरिकेची, तिकडे तिच्यावर हमिंगबर्ड येतात. कोलकात्यात तिच्या नारिंगी नळ्यांवर शिंजीर तुटून पडतो, कारण शेजारी फांदी असतेच.

शिंजिराला मध आवडतो म्हणून काही जण बाल्कनीत साखरपाण्याची बाटली टांगतात. अमेरिकेत चालते, मग इथे का नको? पक्षी येईलही, पण पिल्ले साखरेवर वाढत नाहीत. शिंजिराची जोडी त्यांना कोळी आणि किडे भरवते. घरटे मादी विणते: गवत, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, सगळे कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले, फांदीच्या टोकाला लोंबणारे, बाजूने दार आणि दारावर छोटी पडवी. दुरून तो अडकलेला कचरा वाटतो, आणि शत्रूलाही तसाच वाटावा हीच त्यातली मेख. आत बहुधा दोन अंडी. जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर झगमगता वेष उतरवतो, पोटाशी पिवळट होतो आणि गळ्यापासून खाली एक गडद पट्टी तेवढी उरते. तेव्हा तर त्याला कुणी हमिंगबर्ड म्हणतच नाही. बाटली टांगणाऱ्याने त्यापेक्षा कुंडीत जास्वंद वाढू द्यावी, तिच्यावर कीटकनाशक मारू नये, कोपऱ्यातली जाळी झाडूने ओढू नयेत आणि विणीच्या दिवसांत लोंबत्या फांद्यांची छाटणी लांबवावी.