जुनी स्पॅनिश दुनळी घेताना

सातारा-सांगलीत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअर घेणाऱ्यांनी, बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, हे पाहावेच :

● शिक्के : नळ्यांच्या बुडाशी स्पेनमधील एइबारच्या चाचणीगृहाचे शिक्के शोधा. काडतुसाच्या घराची लांबीही त्यांत पाहा; ६५ मिमीच्या घरात ७० मिमीचे काडतूस कधीही भरू नये.

● नळ्या : उजेडाकडे धरा. आत सावली मोडली तर पोचा, काळे ठिपके दिसले तर गंज.

● नाद : नळ्या बोटावर टांगून टिचकी मारा. आवाज बद्द आला तर मधली पट्टी सुटलेली.

● सांधा : पुढचे लाकूड काढून, बंदूक मिटून हलवा. खुळखुळली तर झीज.

● कागद : बंदुकीचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्याशी जुळवा. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते.

सांधा सैल असेल, तर भाव कितीही उतरला तरी सौदा सोडा.