कोविडनंतरचं शरीर, लेखांक सहावा : लक्षच लागत नाही, तर ध्यानात काय राहणार?

गेल्या आठवड्यात दम लागण्याबद्दल लिहिलं होतं. दम लागला की माणूस ते बोलून दाखवतो. चढावर थांबतो, कमरेवर हात ठेवतो, बरोबरच्यांनाही कळतं. डोक्याची तक्रार मात्र माणूस लपवतो. नाव आठवलं नाही तर हसून वेळ मारून नेतो, हिशेब चुकला तर गर्दीवर ढकलतो. कोविडनंतर विसर पडणं आणि लक्ष न लागणं ही तक्रार गावोगावी असूनही तिच्याबद्दल फारसं ऐकू येत नाही, याचं हे एक मोठं कारण. आजचा लेख त्या तक्रारीवर.

माहूर तालुक्यातले एक गोंधळी माझ्या परिचयाचे आहेत. रेणुराई घराण्यातले, म्हणजे माहूरच्या रेणुकामातेचे उपासक. रात्रभराचा गोंधळ हे सगळं आठवणीवर चालणारं काम. समोर पोथी नसते, कागद नसतो. एका हाताला संबळ, शेजारी तुणतुणं, मधे दिवटी, आणि गावोगावच्या देवदेवतांना नावानिशी बोलावणं झालं की आख्यान. २०२१च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, त्यांना आठवडाभर ताप होता, तोंडाची चव गेली होती. तपासणी केली नाही. घरीच गोळ्या घेऊन बरे झाले.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. बापाकडून लहानपणी शिकलेलं आख्यान आजही धो धो येतं, एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. पण उभं राहण्याआधी यजमानानं सांगितलेली घरातल्या माणसांची नावं पहिल्या फेरीतच निसटतात. तुणतुणंवाला हळूच सांगतो, तेव्हा गाडी पुढे जाते. मधेच कुणी दिवटीत तेल घालायला आलं, कुणी पाया पडलं, की कथेचा धागा कुठं सोडला होता ते सापडत नाही. त्यांच्याच शब्दांत, "जुनं समदं ध्यानात हाय, आत्ताचं काही ठरंना बघा."

सुरुवातीला त्यांना वाटलं, सराव मोडला. वाटणं साहजिक होतं. मार्च २०२० मध्ये मंदिरं बंद झाली, १६ नोव्हेंबर २०२०ला दिवाळीच्या पाडव्याला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला घटस्थापनेच्या दिवशी परत उघडली. लग्नकार्यं आटोपशीर झाली, गोंधळ जवळजवळ थांबलेच. पण पुढं सगळं पूर्ववत झालं, सुपाऱ्या येऊ लागल्या, हात संबळावर पूर्वीसारखा बसला, तरी नावं निसटायची ती निसटतच राहिली.

या गोंधळीबुवांच्या बोलण्यात कोविडनंतरच्या विसराचं जवळजवळ अचूक वर्णन आहे. आठवण ठेवण्याचं काम तीन टप्प्यांत होतं. आधी गोष्ट नीट टिपली जाते, मग ती साठते आणि पुढं हवी तेव्हा वर येते. कोविडनंतरच्या बहुतेक तक्रारी पहिल्या टप्प्यातल्या असतात. जुना साठा शाबूत असतो, पण समोर चाललेली गोष्ट टिपायला जे लक्ष लागतं ते टिकत नाही. त्याला जोडूनच दुसरी उणीव येते. एक काम करताना दुसरी गोष्ट मनात धरून ठेवता येत नाही आणि विचाराचा वेग मंदावतो. माहूरगडाच्या वाटेवर तांबूल कुटून देणाऱ्या दुकानदाराला नवरात्राच्या गर्दीत एका वेळी तीन गिऱ्हाइकांचे पैसे, कुणाचे सुटे परत द्यायचे आणि कुणाचा विडा कुटायचा राहिला, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. नेमकं तिथंच अडतं. घरात हेच भाजीत दोनदा पडलेल्या मिठाच्या रूपानं दिसतं. बायकांच्या बाबतीत तर "वयच झालंय आता" म्हणून विषय संपवला जातो. दीर्घकाळ रेंगाळणारा कोविड पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुढं आलेलं असताना!

आता कागदाचा प्रश्न. डॉक्टरांकडं ही तक्रार घेऊन गेलं की विचारणा होते, कोविड झाला होता का, रिपोर्ट आहे का. माहूर, किनवट भागातल्या बहुतेकांकडं तो नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्तातल्या प्रतिपिंडांची पाहणी केली, त्यात महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते : नांदेड, परभणी, बीड, जळगाव, अहमदनगर आणि सांगली. ऑगस्ट-सप्टेंबर २०२०च्या दुसऱ्या फेरीनंतर संशोधकांनी काढलेला अंदाज असा, की नोंद झालेल्या एका रुग्णामागं प्रत्यक्षात २६ ते ३२ जणांना लागण होऊन गेली होती. जून-जुलै २०२१च्या चौथ्या फेरीत सहा वर्षांवरच्या ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. लस न घेतलेल्यांतही हे प्रमाण ६२.३ टक्के होतं. हे आकडे देशाचे आहेत, पण आपला नांदेड जिल्हा त्या पाहणीत होता हे महत्त्वाचं. थोडक्यात, रिपोर्ट नसणं हीच सर्वसाधारण गोष्ट आहे. असणाराच विरळा.

आणि रिपोर्टची अट कुणी घातलेलीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजाराची व्याख्या केली. लागण सिद्ध झालेली असो किंवा लक्षणांवरून संभाव्य असो, साधारण तीन महिन्यांनंतरही त्रास असेल, तो निदान दोन महिने टिकलेला असेल आणि दुसऱ्या कुठल्या आजारानं त्याचा उलगडा होत नसेल, तर तो कोविडपश्चात आजार. दम, थकवा आणि विचार-स्मृतीच्या तक्रारी ही त्यातली ठळक लक्षणं. त्रास कमीजास्त होऊ शकतो, मधे बरं वाटून पुन्हा येऊ शकतो, हेही व्याख्येतच आहे. हे मी मुद्दाम विस्तारानं लिहितो आहे, कारण कागद नाही म्हणून स्वतःवरच अविश्वास दाखवणारी माणसं मी पाहिली आहेत. या आजाराचं "लाँग कोविड" हे नावसुद्धा वैद्यकानं दिलेलं नाही. एलिसा पेरेगो या इटलीतल्या पुरातत्त्व-संशोधक बाईंनी मे २०२० मध्ये, स्वतः आजारी असताना, ते पहिल्यांदा वापरलं. रुग्णांनी आधी सांगितलं, विज्ञान मागून आलं.

मागून आलेल्या विज्ञानाला काय सापडलं? मार्च २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचं वैशिष्ट्य असं, की ५१ ते ८१ वयाच्या ७८५ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा महासाथीच्या आधीच घेऊन ठेवलेल्या होत्या. त्यांतल्या ४०१ जणांना पुढं कोविड झाला आणि सगळ्यांच्या प्रतिमा पुन्हा घेतल्या गेल्या. लागण झालेल्यांत वासाशी आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांतला करडा थर इतरांपेक्षा जास्त पातळ झालेला दिसला. फरक छोटा, ०.२ ते २ टक्क्यांचा. पण त्या ४०१ पैकी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेले फक्त १५ जण होते. घरीच बरे झालेल्यांचा मेंदूही यातून सुटला नव्हता.

विषाणू मेंदूत घर करून बसतो असं मात्र बहुतेक रुग्णांत दिसलेलं नाही. दोष जास्त करून आपल्याच संरक्षण व्यवस्थेचा दिसतो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, त्यांचं काम राखणीचं. रानडुकरं येऊन गेल्यावरही जागल्या काठी आपटत पिकातूनच फिरत राहिला तर तुडवलं जाणार ते पीकच. तसं या पेशींचं होतं. उंदरांवरच्या प्रयोगात श्वसनमार्गापुरती सौम्य लागण झाल्यावरही या पेशी कित्येक आठवडे खवळलेल्या राहिल्या आणि मज्जातंतूंवरचं आवरण कमी झालं. आवरण गेलं की संदेशाचा वेग कमी होतो. "डोकं चालत नाही" असं आपण म्हणतो त्यामागचं हे एक संभाव्य कारण. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना २०२४ मध्ये आणखी एक दुवा मिळाला : अशा तक्रारी असलेल्या रुग्णांत रक्त आणि मेंदू यांच्यामधली गाळणी ठिकठिकाणी पाझरत होती. सेरोटोनिन हे रसायन कमी होणं, सूक्ष्म गुठळ्या होणं अशाही वाटा तपासल्या जात आहेत. सगळ्यांचं कारण एकच असेल असं नाही.

तोटा किती, याचं उत्तर इंग्लंडमधल्या मोठ्या पाहणीत आहे. १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांनी घरबसल्या स्मृतीच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या, निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. कोविड होऊन पूर्ण बरे झालेले, कधीच न झालेल्यांपेक्षा बुद्ध्यांकाच्या मापात सुमारे ३ गुणांनी मागं होते. ज्यांचा त्रास चालूच होता ते ६ गुणांनी, अतिदक्षता विभागात राहून आलेले ९ गुणांनी. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. ज्यांचा त्रास महिनोन्‌महिने रेंगाळला पण अखेर थांबला, त्यांचे गुण लवकर बऱ्या झालेल्यांच्या बरोबरीचे होते. म्हणजे रेंगाळलेला आजार म्हणजे कायमचं अधूपण, असं धरून चालायचं कारण नाही.

आता कामाचं. पहिली गोष्ट, एमआरआयसाठी स्वतःहून धावू नका. मेंदूच्या प्रतिमांतला वर सांगितलेला फरक शेकडो माणसांची सरासरी काढल्यावर दिसतो. एकट्या माणसाची प्रतिमा बहुधा निर्दोष येते. माहूरहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, गाडीभाडं, एक दिवसाची मजुरी आणि तपासणीचे पैसे खर्चून हाती "काही नाही" एवढंच लागतं, आणि घरचे म्हणतात, बघ, तुला काहीच झालेलं नाही! हातापायातली ताकद अचानक जाणं, बोलणं अडखळणं, फिट येणं, किंवा विसर महिन्यागणिक वाढत जाणं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा थांबू नये.

त्याऐवजी आधी साध्या रक्ततपासण्या करून घ्या. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, पंडुरोग आणि वाढलेली साखर या चारही गोष्टींनी हुबेहूब असाच विसर पडतो आणि चारही बऱ्या करता येतात किंवा आटोक्यात ठेवता येतात. माळकरी, शाकाहारी घरांत बी-१२ तर हटकून बघावं. घोरणं, तुटक झोप आणि उदासी यांचीही चौकशी व्हावी. आप्त गेल्याचं दुःख, कर्ज, बुडालेला हंगाम यांनीही लक्ष उडतं. ते सांगायला संकोच नको. मन मोकळं करायला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. डॉक्टरांनी विसराची छोटी तोंडी चाचणी घेतली आणि ती चांगली आली, तरी खचू नका. त्या चाचण्या मुख्यतः म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशासाठी बनवलेल्या आहेत, लक्षातली ही उणीव त्यांतून निसटू शकते. शाळा न शिकलेल्या माणसाच्या बाबतीत तर त्या उलटही फसवतात.

या तक्रारीवर खात्रीनं लागू पडणारं औषध आजच्या घडीला नाही. बाजारात "स्मरणशक्ती वाढवणारी" काढे-सिरप भरपूर आहेत. त्यांतलं कुठलंही या आजारावर सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत संगणकावरचे मेंदूचे खास व्यायाम मोठ्या चाचणीत तपासले, तेही साध्या कोड्यांच्या खेळांपेक्षा सरस ठरले नाहीत. उपयोगी पडतं ते कामाची रीत बदलणं. एका वेळी एकच काम. सांगितलेलं लगेच लिहून घेणं, लिहिता येत नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवणं. आमच्या गोंधळीबुवांनी आता यजमानाकडूनच नावं मोबाइलमध्ये बोलून घ्यायला सुरुवात केली आहे आणि उभं राहण्याआधी दोनदा ऐकतात. डोक्याचं अवघड काम सकाळी, झोप झालेली असताना. आणि थकायच्या आधी थांबणं, कारण काहींना जास्त श्रम झाले की त्याचा फटका त्या दिवशी नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसतो, आणि मग डोकं आणि अंग दोन्ही बसतात. अशा माणसाला "जरा हिंडला-फिरला की बरा होईल" म्हणून जबरदस्तीनं गड चढायला लावू नये.

दोन ठिकाणी मात्र चूक महागात पडते. एक, कापसावरची फवारणी. औषधाचं माप दुसऱ्या माणसासमोर घ्यावं, एकट्यानं मिसळू नये. दुसरं, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या. घेतली की नाही हे न आठवून दुसऱ्यांदा घेतली जाते. सात खणांची डबी औषधांच्या दुकानात मिळते, ती रविवारी भरून ठेवावी, आणि भरताना घरातलं कुणीतरी शेजारी बसावं.

डॉक्टरांकडं जाताना एका कागदावर इतकंच लिहून न्या : ताप कधी आला होता, तेव्हा घरात आणखी कोण आजारी होतं, चव किंवा वास गेला होता का, विसर कधीपासून जाणवतो आणि कुठल्या कामात अडतं. बरोबर घरातलं एक माणूस असू द्या.

पुढच्या आठवड्यात : कोविडनंतरची झोप.