डिस्क वाचली, पण कुलूप उघडेना

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली आणि नागपुरातले कित्येक तळमजले पाण्याखाली गेले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. अशा गढूळ पाण्यात बुडालेल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बहुधा कामातून जातो. त्यातली एसएसडी ही डिस्क मात्र स्वच्छ करून वाळवली की पुष्कळदा चालू होते. पूर्वी ती दुसऱ्या संगणकाला जोडली की फोटो, हिशेब, प्रबंध हाती लागायचे. आता पडद्यावर विंडोजचे ‘बिटलॉकर’ हे कुलूप ४८ आकड्यांची किल्ली मागते.

पुराचे पाणी कशाला, नुसता मदरबोर्ड बदलला तरी हेच होते. डिस्कवरचा प्रत्येक शब्द एईएस या पद्धतीने कूटबद्ध केलेला असतो. तो उलगडणारी किल्ली मदरबोर्डवरची टीपीएम ही चिप मोहोरबंद ठेवते. सुरू होताना यंत्र ओळखीचे वाटले तरच चिप मोहोर फोडते. बोर्ड बदलला की ती चिपच उरत नाही. कधी कधी बायोस अद्ययावत केल्यावरही चिपला यंत्र परके वाटते. मग उरतो एकच रस्ता, ४८ आकड्यांचा.

आकडे अंदाजाने जुळवता येतील का? त्यांच्यामागे १२८ बिटांची संख्या आहे. सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्न केले तरी सगळ्या शक्यता संपायला विश्वाच्या आजवरच्या वयाच्या कोट्यवधी पट काळ लागेल. म्हणून ‘किल्लीशिवाय उघडून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

पण किल्ली बहुतेक वेळा हरवलेली नसते, आपण ती चुकीच्या जागी शोधत असतो. घरगुती विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा प्रवेश केला की अनेक यंत्रांवर हे कुलूप आपोआप लागते आणि किल्ली त्याच खात्यात जमा होते. तेव्हा आठवायचे ते हे, की नवा लॅपटॉप प्रथम कोणाच्या खात्याने सुरू झाला? मुलीच्या, भाच्याच्या, की दुकानदाराने घाईत स्वतःच्याच? त्या खात्यात मोबाइलवरूनही शिरता येते. पडद्यावर किल्लीची ओळखखूण दिसते. तिची पहिली आठ अक्षरे खात्यातल्या नोंदीशी जुळली पाहिजेत. कार्यालयाचा लॅपटॉप असेल तर किल्ली तिथल्या आयटी विभागाकडे असते. माझे स्पष्ट मत आहे, की इतके भक्कम कुलूप लावताना घरच्या माणसाला ठळकपणे विचारायलाच हवे. किल्ली कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाचे वर्षानुवर्षांचे फोटो जातात, ही लहान गोष्ट नाही.

किल्ली सापडली की आठ गट, प्रत्येकी सहा आकडे. इथे शाळेतली अकराची कसोटी भेटते. प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ ३१४२५९ घ्या: एकाआड एक ३, ४, ५ ची बेरीज १२, उरलेल्या १, २, ९ चीही १२. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले, तर भाग जात नाही आणि संगणक त्याच गटापाशी थांबवतो. तिथे घाबरून ‘रीसेट’ दाबू नये, कारण त्याने कुलपासोबत आतले सगळेच जाऊ शकते. तो एक गट पुन्हा वाचावा, शक्यतो दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला सांगून.