पॉप-अप कोणत्या वाटेनं येतो?

दहावीचा निकाल, सातबारा, रेल्वेचं वेळापत्रक, काहीही शोधायला जा. मजकुराआधी जाहिराती अंगावर येतात. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले', 'अभिनंदन, तुम्ही बक्षीस जिंकलात', 'फक्त दोन मिनिटं उरली'. वैतागून आपण दिसेल ते बटण दाबतो आणि अशा जाहिरातींचं नेमकं तिथेच फावतं. पॉप-अप कोणत्या वाटेनं आला हे ओळखलं, की तो बंद करता येतो.

खोटेपणा कसा ओळखावा

व्हायरसचा इशारा पाहा. फोन थरथरतो, वरती नामांकित कंपनीच्या चिन्हासारखं चिन्ह असतं आणि खाली 'आत्ताच साफ करा' असं ठळक बटण. पण ब्राउझरमधलं एखादं पान तुमच्या फोनची व्हायरस तपासणी करूच शकत नाही. त्यामुळे वेबपानावर दिसणारा असा इशारा खोटाच समजावा. कोपऱ्यातली फुलीसुद्धा पुष्कळदा चित्राचाच भाग असते. ती दाबली की जाहिरात उघडते. म्हणून फुलीच्या मागे न लागता तो टॅबच बंद करावा.

पहिली वाट : वेबपान

पान उघडताच दुसरी खिडकी उघडत असेल, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज' उघडा आणि पॉप-अप व रीडायरेक्टचा पर्याय बंद ठेवा. पानाच्या आतच तरंगणाऱ्या जाहिराती मात्र यानं थांबत नाहीत. त्यासाठी फायरफॉक्समध्ये 'यूब्लॉक ओरिजिन' हे एक्स्टेन्शन घेता येतं. ते अँड्रॉइड फोनवरही चालतं. ज्या बातम्यांच्या संकेतस्थळांवर तुमचा विश्वास आहे, त्यांना त्यातून जरूर सूट द्या. त्यांतल्या अनेकांचा खर्च जाहिरातींवर भागतो.

दुसरी वाट : नोटिफिकेशन

'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' असं एखादं पान सांगतं. आपण दाबतो आणि त्या संकेतस्थळाला नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी देऊन बसतो. मग ते पान बंद असतानाही जाहिराती येत राहतात. माणूस असल्याची खात्री करायला या परवानगीची कधीच गरज नसते. साइट सेटिंग्जमध्येच नोटिफिकेशनची यादी असते. तिथली अनोळखी नावं ब्लॉक करा. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्येही ही यादी आवर्जून तपासा.

तिसरी वाट : अ‍ॅप

कोणतंही पान उघडलेलं नसताना पूर्ण पडदाभर जाहिरात येत असेल, तर फोनमधल्या एखाद्या अ‍ॅपवर संशय घ्यावा. जाहिरात समोर असतानाच अलीकडे वापरलेली अ‍ॅप्स दाखवणारं बटण दाबा. ती कोणत्या अ‍ॅपची आहे, हे बऱ्याचदा तिथे दिसतं. ते अ‍ॅप काढून टाका. तरी छडा लागला नाही, तर फोन 'सेफ मोड'मध्ये सुरू करा. त्यात आपण घेतलेली अ‍ॅप्स चालत नाहीत. जाहिराती थांबल्या, तर नव्यानं घेतलेली अ‍ॅप्स एकेक करून काढून पाहा. जाहिरातीनंच सुचवलेलं 'क्लीनर' अ‍ॅप मात्र चुकूनही घेऊ नका.

कायदा ग्राहकाच्या बाजूनं

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार २०२० मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ते उत्पादकाला आणि जाहिरातीत झळकणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. गुन्हा पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच प्राधिकरणानं ऑनलाइन फसवणुकीच्या १३ तऱ्हांना मनाई केली. 'शेवटची एकच वस्तू उरली' अशी खोटी घाई, न विचारता खरेदीच्या यादीत भर घालणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, जाहिरातीला बातमीचं रूप देणं, हे सारं त्यात येतं.

तक्रार कुठे करावी

जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढा. त्यात संकेतस्थळाचा पत्ता दिसू द्या. वस्तू किंवा सेवेबाबत दिशाभूल झाली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. खात्यातून पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न लावता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा. लवकर कळवलं तर पैसे पुढे सरकण्याआधी रोखता येण्याची शक्यता असते. तुम्ही वेळीच सावध झालात आणि नुकसान टळलं, तरीही तक्रार कराच. तीच जाहिरात त्याच वेळी इतर कितीतरी जणांना दिसत असते आणि सगळेच तुमच्याइतके सावध असतील असं नाही.